लाल फडक्यातला कायदा

शेजारच्या सात राज्यांनी मिळून एक महामंडळ स्थापन केलं. मंडळ ठरवेल तो कायदा प्रत्येक राज्याने आपापल्या सभेत मंजूर करायचा, असा करार झाला.

त्यांपैकी देवनळी राज्याचे प्रधान त्रिंबकपंत यांना तर मोकळं रानच मिळालं. मंडळाचा कायदा लाल फडक्यात बांधून येई. पंत गाठोडं दाखवून म्हणत, "मंडळाचं आहे, चर्चा नको. हात वर करा!" आधी मंजुरी, मग वाचन, अशी रीतच पडली.

एकदा वजनमापांच्या कायद्याला सगळ्यांनी हात वर केले आणि वाचन ऐकून सभा हबकली. घरात माग ठेवायला बंदी! मंडळाने असलं काही मागितलंच नव्हतं. पंतांनीच ते आत सरकवलं होतं. विणकरांच्या प्रतिनिधी बयाक्का मात्र ते लाल फडकं निरखून पाहत होत्या.

पुढच्या सभेला देवनळीचे महाराजही आले होते. चौरंगावर दोन लाल गाठोडी होती. पंतांनी सवयीने हुकूम सोडला आणि स्वतःचाही हात वर केला.

कारकून दुसरं गाठोडं उघडून वाचू लागला, "आजपासून प्रधानपद रद्द."

पंत पांढरेफटक पडले. "हे कुणी घुसडलं? चर्चेशिवाय कायदा होतोच कसा?"

बयाक्का उठल्या. "मी ठेवलं, पंत. बंदीआधी माझ्या मागावर विणलेलं हे शेवटचं फडकं. आणि कायदा कसा होतो, ते तुम्हीच तर शिकवलंत."

पंतांनी महाराजांकडे पाहिलं.

"चर्चा होईल," महाराज म्हणाले. "आधी मागांवर. मग तुमच्यावर."