नाव निघालं

"...पण बुवा, नाव तर सिस्टीममधून निघालं. यात माझा काय दोष?"

शार्दूलनं पुन्हा तेच विचारलं. तो एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर आणि टेकडीवरच्या मठीतला जुना शिष्य. खोकी कोण किती भराभर भरतं, कोण किती वेळ जागेवर नसतं, हे गोदामात कॉम्प्युटर बघतो आणि कमी पडेल त्याचं नाव पुढं करतो. आज सुरेखा गायधनीचं नाव आलं होतं. 'उद्यापासून येऊ नका' एवढा निरोप संध्याकाळपर्यंत तिला फोनवरून धाडायचा होता. बोट काही केल्या उठेना, म्हणून स्वारी मनःशांती मागायला आली होती.

निरंजनबुवा तांब्यात ताक ओतत होते.

"बाई कामचुकार आहे?"

"छे हो! सातवा महिना लागलाय तिला. सारखं उठावं लागतं."

"मग हे तुमच्या सिस्टीमला कळत नाही?"

"त्यासाठी रकानाच ठेवला गेला नाही."

"कुणी ठेवला नाही?"

"म्हणजे... तसं ठरलं."

"कुणी ठरवलं?"

"मीटिंगमध्ये ठरलं, बुवा!"

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला.

"त्या मीटिंगला तू होतास?"

"होतो..."

शार्दूल मनातून जाम वैतागला. म्हातारा नुसता शब्दांत पकडतोय! एवढी टेकडी चढून आलो ती मंत्र घ्यायला, व्याकरण शिकायला नव्हे.

"हे बघा बुवा, मी आपला निमित्तमात्र. आशीर्वाद द्या आणि मोकळं करा मला."

"बरं बाबा."

बुवांनी भरलेला तांबा उचलला आणि शार्दूलच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर सरळ उपडा केला.

...

"अरेरे," बुवा म्हणाले, "ताक सांडलं."

शार्दूल ताडकन उठला. "सांडलं? सांडलं काय! ओतलंत तुम्ही! माझ्या डोळ्यांदेखत ओतलंत!"

"मी आपला निमित्तमात्र. तांब्यातून आलं ते."

"तांबा काय आपणहून उपडा होतो? हात कुणाचा होता?"

बुवांनी रिकामा तांबा खाली ठेवला.

सदऱ्यावरून ताक ठिबकत राहिलं. "हात कुणाचा..." म्हणता म्हणता शार्दूलचा आवाजही मग खाली आला...

बुवांनी चटईवरचा त्याचा फोन उचलला, उपरण्यानं पुसला आणि त्याच्या ओल्या हातात ठेवला.

"लाव सुरेखाला. आणि सांग तिला, ताक सांडलं तसं तुझं नाव निघालं म्हणावं."