राळ न गाळणारं वन

डोंगरावर बर्फ अजून वेळेवर पडायचा, तेव्हाची गोष्ट. तिथल्या पाइनच्या वनात दर उन्हाळ्यात एक अभ्यासक बाई यायची. ज्या झाडाच्या सालीवर राळ ओघळलेली दिसे, त्याच्यावर ती लाल पट्टा ओढायची. मागून करवतवाले येऊन तेवढं झाड पाडून न्यायचे, म्हणजे त्यातली कीड शेजारच्या झाडांत जाणार नाही.

झाडांना फक्त करवत दिसली. म्हातारा पाइन सगळ्यांना म्हणाला, "ज्यानं राळ गाळली, तो गेला. यापुढे कितीही टोचलं तरी राळ आतच ठेवायची."

सुतारपक्षी त्याच्या खोडाला कान लावून बसला. "आजोबा, आत किडे कुरतडतायत. राळेत बुडूनच ते मरतात. थोडी तरी सोडा."

"तू तुझं खाणं बघ," म्हातारा म्हणाला. "बाई येऊन जाऊ दे, मग सोडू."

बाई आली. तिनं एकेका झाडावर हात फिरवून पाहिला. कुठेच थेंब नव्हता. "यंदा वन ठणठणीत आहे," ती करवतवाल्यांना म्हणाली, आणि सगळे परत गेले.

मग म्हाताऱ्यानं राळ सोडायला सांगितलं. पण किड्यांनी आतल्या वाटाच कुरतडून टाकल्या होत्या. राळ कुणालाच सुटेना.

पुढच्या उन्हाळ्यात बाई आली, तेव्हा पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळी पानं तांबूस होऊन वाळली होती.

"बाई, कुठली पाडायची?" करवतवाल्यानं विचारलं.

तिनं रंगाचा डबा उघडला, वर पाहिलं आणि झाकण परत लावलं.