काटेबांधणी

त्या मुलखात मारणारं कुणी उरलं नव्हतं, तरी एकही पाठ धड नव्हती.

मारणारे होते, ती गोष्ट फार जुनी. एके दिवशी ते आपले आसूड खांद्यावर टाकून निघून गेले. कुठं गेले, का गेले, याचा थांग कुणाला लागला नाही. जनावरं मोकळी झाली. पण मोकळं राहायलाही सवय लागते, आणि ती कुणाला नव्हती. तिसऱ्याच दिवशी माळावर सभा भरली. आता आपल्याला वळण कोण लावणार, या काळजीनं सगळ्यांचं चारापाणी सुटलं होतं. शेवटी ठरलं ते असं: ज्यानं त्यानं आपला आसूड आपणच बाळगावा. शेपटीच्या गोंड्यात बाभळीचा काटा वाखाच्या दोऱ्यानं आवळून बांधायचा. काही चुकलं की शेपटी उचलायची आणि आपल्याच पाठीवर हाणायची. कुणाचा कुणाला त्रास नाही. फार सोयीचं काम.

शेपटी मुळात मिळाली होती माश्या हाकलायला. आता तिनं जखमा होऊ लागल्या. जखमेवर माश्या बसू लागल्या. माशी बसली की शेपटी आपसूक उठे, काट्यासकट पाठीवर पडे, आणि नवी जखम होई. तिच्यावर नव्या माश्या. त्या मुलखात सुखात कुणी नांदत असेल तर माश्याच. गलेलठ्ठ झाल्या होत्या रांडेच्या.

दिवस कलला की कारभारी म्हणून मिरवणारं एक गाढव टेकाडावर उभं राहून ओरडे. मग सगळी जनावरं रांगेनं उभी राहून दिवसभराच्या चुका आठवत आणि फटके घेत. त्यात सगळ्यांत मोठा आवाज हौश्या बैलाचा. हौश्या कळपातला सगळ्यांत म्हातारा. तोंडानं फटकळ, डोक्यानं तापट, आणि स्वतःशी तर वैर धरल्यासारखा. त्याचा फटका ओढ्यापलीकडं ऐकू जाई, आणि आया आपल्या वासरांना सांगत, "बघा, सज्जन असावं तर असं."

हौश्याच्या फटक्यांना कारण होतं. तीन पावसाळ्यांमागं त्यानं हट्टानं कळप जवळच्या वाटेनं नेला होता. वाटेत दलदल लागली. त्याच्या जोडीनं चालणारा बाशिंग्या तिच्यात फसला आणि त्याचा पाय मोडला. तेव्हापासून बाशिंग्या लंगडत होता. हौश्यानं त्या दिवसापासून एक सांज चुकवली नव्हती. बाशिंग्याच्या समोर मात्र तो कधी गेला नाही. लांबून लंगडी चाल दिसली तरी तो वाट बदले.

त्या वर्षी चैत्रात तांबडी गाईला कालवड झाली. तिचं नाव ठेवलं ठिपकी. वैशाखी पुनवेला तिची काटेबांधणी ठरली. मान कळपातल्या वडीलधाऱ्याचा, म्हणजे हौश्याचा. आधी त्यानं सगळ्यांसमोर स्वतःला शकुनाचा फटका द्यायचा, मग वासराच्या शेपटीत काटा बांधायचा. त्यानं आजवर तीसेक वासरांना काटे बांधले होते आणि कधी मागं वळून पाहिलं नव्हतं. पण ठिपकी एकदा त्याच्या पुढ्यातून उड्या मारत गेली, तेव्हा तिची पाठ त्याला दिसली. कोऱ्या पाटीसारखी. त्या पाठीवर एकही माशी नव्हती. हौश्याला त्या रात्री झोप आली नाही, आणि झोप आली नाही म्हणून सकाळी त्यानं दोन फटके घेतले.

चैत्र निम्मा सरला. हौश्याची मधली जखम चिघळली. माश्यांनी तिथं गावच वसवलं. एका दुपारी तो वैतागून डोहावर गेला. बैलाच्या जातीनं डोहात बसणं म्हणजे लाज, पण माश्या बुडवायच्याच असा त्यानं पण केला होता.

डोहात भिवरी म्हैस बसलेली होती. ती तिथंच असायची. नाक आणि शिंगं तेवढी वर. कित्येक वर्षांत तिची शेपटी कुणी पाहिली नव्हती.

"काय रे हौश्या, पाणी प्यायला आलास का जीव द्यायला?"

"माश्या बुडवायला आलोय. सरक तिकडं."

"सरकते की. डोह काय माझ्या बापाचा आहे?"

हौश्या बसला. परक्या लग्नात पंगतीला बसल्यासारखा, अंग चोरून. मग त्यालाच राहवेना.

"तू दिवसभर इथं करतेस तरी काय?"

"श्वास घेते."

"तो तर मी पण घेतो."

"घेतोस, पण तुला पत्ता नसतो. नाक पाण्याजवळ आण. आणलंस? आता श्वास सोड. बघ, पाण्यावर कडं उमटलं. आत घे. कडं विरलं. एवढंच बघायचं."

"आणि मन दुसरीकडं गेलं तर?"

"जाणारच. चरायची सवय आहे त्याला. गेलं की म्हणायचं, गेलं. आणि परत कड्यावर यायचं. हाका मारायच्या नाहीत, दगड मारायचे नाहीत."

हौश्यानं नाक पाण्याजवळ आणलं. एक कडं पाहिलं. दुसरं पाहिलं. तिसऱ्याला त्याला कारभारी गाढवाचा राग आठवला, चौथ्याला तीन पावसाळ्यांमागची दलदल. पाचवं कडं कुठं गेलं ते त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं शेपटी पाण्याबाहेर काढली आणि फाडकन पाठीवर हाणली.

"अरे, हे काय?" भिवरी म्हणाली.

"मन गेलं. म्हणून शिक्षा."

"शिक्षा कुणी सांगितली?"

हौश्यानं विचार केला. खरंच, कुणी सांगितली नव्हती. म्हणजे चूकच झाली. त्यानं पुन्हा फाडकन हाणली.

"आणि हा कशाचा?"

"आधीचा मारला, त्याचा."

भिवरी हसायला लागली. हसता हसता तिचं नाक पाण्याखाली गेलं, ठसका लागला, ती वर आली आणि पुन्हा हसली. तिच्या पोटाच्या हिंदोळ्यानं डोहाच्या दोन्ही काठांना लाटा लागल्या. हौश्या आधी रागानं लाल झाला. मग त्यानं मनातल्या मनात हिशेब लावून पाहिला: या दुसऱ्या फटक्याचा तिसरा, तिसऱ्याचा चौथा, असं करत गेलं तर आपण पुनवेपर्यंत जेवायला तरी उठणार कधी? आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता हे बेडकांना ओळखू आलं नाही. तीन वर्षांत कुणी तो ऐकला नव्हता. त्यांनी भिऊन उड्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी हौश्या पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. शिव्या देत यायचा, पण यायचा.

एके दुपारी भिवरीनं त्याला लेण्याची गोष्ट सांगितली. वरच्या डोंगरात कोरलेलं लेणं आहे, तिथं ती पारडी असताना एक म्हातारा भिक्खू राहायचा. लेण्याच्या दारातल्या टाक्यावर जे जनावर पाणी प्यायला येई, त्याला तो म्हणे, सुखी राहा. माकडाला म्हणे, सापाला म्हणे, भिवरीला म्हणे. आणि सगळी पिऊन गेली की डोळे मिटून स्वतःलाही म्हणे, सुखी राहा.

"येडाच होता म्हणायचा," हौश्या म्हणाला. "स्वतःच स्वतःला आशीर्वाद?"

"मलाही तसंच वाटलं होतं. तू म्हणून बघ."

"मी? मी असं काय केलंय?"

"टाक्याचं पाणी पिताना माकडानं काय केलं होतं? तहान लागली होती, एवढंच."

हौश्यानं इकडंतिकडं पाहिलं. कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि दातओठ खाऊन म्हणाला, "सुखी राहा, मुडद्या!"

"छान. आता त्यातला मुडदा काढ."

मुडदा निघायला आठ दिवस लागले.

डोहात बसून हौश्याला एक गोष्ट दिसली. मन चरायला जायचं ते नेहमी एकाच बांधावर. दलदल, चिखलात रुतत जाणारा बाशिंग्या, त्याचे मोठे झालेले डोळे. ते दिसलं की सगळ्यांत जाड माशी नेमकी मधल्या जखमेवर येऊन बसे आणि शेपटी उठू पाही. एकदा त्यानं ती उठू दिली नाही. "बस बाई," तो म्हणाला, "बघू काय करतेस." माशी बसली. चावली. जळजळलं. जळजळ वाढली, तशी थोड्या वेळानं उतरलीही. माशी उडून गेली. आणि तिच्याखाली काय होतं ते हौश्याला पहिल्यांदा कळलं. तिथं राग नव्हताच. त्याला बाशिंग्याची आठवण येत होती. जोडीनं चालताना त्याच्या खांद्याचा जो भार लागायचा, तो तीन वर्षं लागला नव्हता. हौश्या रडला. डोहात रडण्याची एक सोय असते, कुणाला दिसत नाही. भिवरी दुसरीकडं बघत कडी मोजत राहिली.

तिथून उठून तो ओल्या अंगानं थेट बाशिंग्याकडं गेला. बाशिंग्या करंजाच्या सावलीत रवंथ करत होता.

"बाशिंग्या, तुझा पाय मी मोडला."

"आलास का? मला वाटलं, मेल्यावरच भेटशील," बाशिंग्या म्हणाला. "पाय दलदलीनं मोडला. तू वाट चुकलास. मी पण तुझ्या मागनं आलोच ना, बैलासारखा? आता मला चढण चढावी लागत नाही, सावलीत बसून हिरवं खातो. पण तुझ्या त्या फटक्यांचा काय आवाज रे! तीन वर्षं संध्याकाळची माझी झोपमोड चाललीय."

हौश्या त्याच्या शेजारी बसला, खांद्याला खांदा लावून. दोघं बोलले ते चाऱ्याबद्दल, आणि बाशिंग्याच्या गवताच्या कुंपणाला पडलेल्या भोकाबद्दल.

पुनवेला आठ दिवस उरले. काटेबांधणी करणाऱ्यानं आधीचे आठ दिवस फटका घ्यायचा नाही, अशी रीत होती. सगळा जोर शकुनाच्या फटक्यासाठी राखायचा. हौश्या ते आठ दिवस डोहातच होता. जखमेवर खपली धरली. माश्या येत, घिरट्या घालत आणि कंटाळून जात. एकदा पाण्यावर बाभळीचा एक जुना काटा तरंगत त्याच्या नाकासमोरून गेला. त्यावर एक चतुर पंख पसरून निवांत बसला होता. कुणाचा तरी सुटला वाटतं, हौश्या मनात म्हणाला, आणि पुन्हा कड्यावर आला.

आदल्या दिवशी तो भिवरीला म्हणाला, "उद्या काय करू गं? रीत मोडता येत नाही. लहानसा काटा बांधतो. बोथट."

"माझ्या नाकाला काय विचारतोस? तुझा श्वास, तुझी शेपटी."

"थेरडे, वेळेला नेमकी शहाणी होतेस!" हौश्या म्हणाला आणि निघून गेला.

पुनवेची सांज आली. दिवस अजून डोंगरावर होता. सगळा कळप माळावर जमला. लंगडत बाशिंग्याही आला. मधोमध तांबडी उभी होती आणि तिच्या पोटाला बिलगून ठिपकी. पळसाच्या पानावर नवा काटा ठेवला होता, पांढरा, टोकदार, बोटभर. बोथट मिळाला नव्हता. कारभारी गाढवानं तशी सोय ठेवली नव्हती.

"शकुनाचा फटका!" गाढव ओरडलं.

कळपानं डोळे मिटले. आठ दिवसांचा साठलेला फटका, तोही हौश्याचा. ठिपकी आईच्या पोटाखाली शिरली. हौश्यानं श्वास आत घेतला. त्याचं मन पळालं, त्यानं पाहिलं, ते परत आलं. त्यानं शेपटी उचलली आणि पाठीवर टाकली.

फुस्स.

कुणाला काही समजेना. एकानं एक डोळा उघडला.

"पुन्हा!" गाढव म्हणालं.

फुस्स.

हौश्यानं मान मागं वळवून शेपटीकडं पाहिलं. गोंड्यात काटा नव्हता. वाखाचा एक कुजका धागा लोंबत होता, बाकी नुसते केस. पाण्यानं धुतलेले, काळेभोर, रेशमासारखे. तिसऱ्यांदा त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आपणहून शेपटी उचलली आणि हळूच, खपलीच्या कडेकडेनं, पाठीवरून फिरवली. मग त्याच्या अंगाला शिरशिरी आली, मागचे पाय नाचले आणि सगळ्या कळपासमोर तो म्हातारा, फटकळ, तापट बैल खिंकाळल्यागत हसायला लागला.

"अरे, काय झालं?" तांबडीनं विचारलं.

"गुदगुल्या!" हौश्या म्हणाला. त्याला धड बोलता येईना. "गुदगुल्या होतायत!"

"हौश्या, काटा कुठाय?" गाढवाचे कान ताठ झाले होते.

"डोहात. त्याच्यावर चतुर बसलाय."

"मग या पोरीला हा नवा तरी बांध! सगळा कळप खोळंबलाय."

हौश्या पुढं झाला. त्यानं पानावरचा काटा दातांत धरला, ठिपकीकडं पाहिलं, तिच्या कोऱ्या पाठीकडं पाहिलं, आणि काटा बाशिंग्याच्या पुढ्यात नेऊन टाकला.

"तुझ्या गवताच्या कुंपणाला भोक पडलंय म्हणत होतास ना?"

"पडलंय की," बाशिंग्या म्हणाला. "असे अजून असले तरी चालतील."

ठिपकीला यातलं काही कळलं नाही. ती आईच्या पोटाखालून बाहेर आली, हौश्याला खेटून उभी राहिली आणि तिनं आपली वीतभर शेपटी उडवली. ती नेमकी त्याच्या खपलीवर पडली. तिथं एक माशी बसू पाहत होती. ती उडाली.

त्या सांजेला माळावर कुणी चुका आठवल्या नाहीत. आठवायचं राहूनच गेलं. कळप पांगला, दिवस बुडाला, तरी कारभारी गाढव टेकाडावर एकटंच उभं होतं, शेपटी पायांत घट्ट दाबून. हौश्या जवळून जाताना ते दुसरीकडं बघत, दबक्या आवाजात म्हणालं, "काय रे, डोहाचं पाणी लई गार असतं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी डोहात नाक ठेवायला जागा उरली नव्हती. लांब नाकं, आखूड नाकं, तांबडी, काळी, मध्यभागी एक करडं, कुरकुरणारं. प्रत्येकापुढं पाण्यावर एक कडं उमटत होतं आणि शेजारच्या कड्यात मिसळत होतं. आणि त्या कड्यांवर हेलकावे खात बाभळीचे काटे काठाकडं चालले होते, एकेकावर एकेक चतुर घेऊन.