येसूचं चांदीचं शिंकं

एक होती सोनाराची पोर, येसू. तोंडाने तिखट, पण बोटांनी भारी हुशार! बर्फाच्या डोंगराखाली एक राज्य होतं, तिथे ती राहायची. तिथल्या नदीतून हिरवे दगड वाहत यायचे, जेडचे. बायका अनवाणी पाण्यात उतरायच्या आणि तळपायांनी चाचपून ते शोधायच्या. डोळे फसतात, तळपाय नाही फसत, बरं का!

असाच एक दगड राणीला तिच्या लहानपणी सापडला होता. पुढे राणी देवाघरी गेली आणि दगड राजकन्येकडे आला. ती रोज तो मुठीत धरून झोपायची.

मग काय झालं, राजकन्येचं लग्न ठरलं! राजाला वाटलं, आईची आठवण लेकीच्या गळ्यात हवी. त्याने येसूच्या बाबांना बोलावलं. "सोनारा, या दगडाला भोक पाड आणि साखळीत ओव. वरात निघेपर्यंत झालं नाही, तर देशोधडीला लावीन!"

राजकन्या रडायलाच लागली. "माझ्या आईच्या दगडाला भोक नको!" पण राजापुढे कोण बोलणार?

मग बाबांनी घरी येऊन गिरमिट लावलं. कट्! टोक मोडलं. दुसरं लावलं. कट्! तिसरंही मोडलं, आणि दगडावर साधा ओरखडा नाही! तिकडे सनई वाजायला लागली.

"बाबा, सरका बघू!" येसू म्हणाली. तिने चांदीची तार घेतली आणि दगडाला आडवी गुंडाळली. दगड सुळ्ळकन निसटला! मग उभी गुंडाळली. पुन्हा सुळ्ळकन! नदीने घासून घासून गुळगुळीत केलेला तो, ऐकतोय कसला!

इतक्यात स्वयंपाकघरात धडपड झाली. येसू धावली. बघते तर काय, मांजराने लोण्याच्या शिंक्यावर झेप घेतलेली! शिंकं गरागरा फिरलं, इकडे गेलं, तिकडे गेलं, पण आतलं गाडगं काही पडेना.

"अगं बाई! गाडग्याला कुठे भोक असतं?" येसू आनंदाने ओरडलीच.

मग काय तिची बोटं पळाली म्हणता! तीन तारा खाली पिळल्या, मध्ये दगड बसवला, वर पुन्हा पीळ घातला आणि कडी केली. इवलंसं चांदीचं शिंकं! ते घेऊन येसू पळत सुटली. वरात अगदी निघायच्या बेतात होती.

राजाने ते हलवून पाहिलं, झटकून पाहिलं, गरगर फिरवूनही पाहिलं. दगड जागचा हलला नाही! राजा खूश झाला. त्याने बाबांना मानाची पगडी दिली.

येसू मात्र राजकन्येच्या कानात म्हणाली, "ताईसाहेब, वरचा पीळ सोडला की दगड हातात येतो. मग पुन्हा बांधायचा."

सासरी गेल्यावर राजकन्येला आईची फार फार आठवण आली. तिने पीळ सोडला, दगड मुठीत घेतला आणि गाढ झोपली.

चला, तुम्हीही मिटा बघू मुठी. आता डोळे. घट्ट!