ठिपकू आणि खांबावरचा डोळा

उद्यानातल्या मैदानाचे दिवे माणसाच्या हातून लागायचे नि विझायचे, तो काळ नुकताच सरला होता, तेव्हाची ही गोष्ट. खांबावर आता नवा डोळा बसला होता. मैदानात कुणी हललं की तो दिवा लावी, सगळं सामसूम झालं की विझवी.

मैदानाच्या कडेला एक टिटवी राहायची. जिवाला भारी घोर! आपल्या पिल्लाला, ठिपकूला, तिने पहिला धडा हाच दिला होता, "मी ओरडले की जमिनीला चिकटायचं. पंखसुद्धा हलवायचा नाही."

एका संध्याकाळी खेळणारी मुलं घरी गेली आणि ठिपकू किडे टिपत मैदानाच्या मधोमध पोचला. इतक्यात टिटवीला भिंतीवर मांजर दिसलं. ती जीव खाऊन ओरडली. ठिपकू जमिनीला चिकटला आणि थोड्या वेळाने दिवा विझला.

"अरे खांबदादा, मेल्या, दिवा लाव! माझं लेकरू दिसेना!"

खांब म्हणाला, "बाई, काही हललं तर लावीन ना! तू ओरडतेस तोवर ते हलेल कसं?"

टिटवीने चोच मिटली. ओरडणं तिने गिळलं आणि हळूच साद घातली, "ये रे सोन्या."

अंधारात दोन इवले पाय हलले. लख्ख दिवा लागला. मांजर दचकून भिंतीपलीकडे पळालं आणि ठिपकू धावत आईच्या पंखाखाली शिरला.

"आई, मी मुळीच हललो नव्हतो!"

"हो रे राजा," टिटवीने सुस्कारा सोडला, "पण हललास, तेव्हा दिसलास."