नावं ठेवलेलं घर

एका गावात गुरांचा एक दलाल राहायचा. त्या दिवशी नेहमीसारखा बाजार भरला होता. दलाल एका खोंडाचे दात पाहत होता, तेवढ्यात तेली त्याला सांगून गेला, की तळ्याकाठची म्हातारी घर विकून लेकीकडे राहायला निघाली आहे.

दलाल आणि त्याची बायको लग्नापासून तेल्याच्या घाण्यामागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. पोटाला चिमटा काढून दोघांनी घरासाठी पैसे साठवले होते. दलालानं घरी येऊन बातमी सांगितली, तेव्हा बायको पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "मला ते घर ठाऊक आहे," एवढंच ती म्हणाली.

दलालाच्या अंगात धंदा मुरलेला. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं धरून ठरवतात. आणि जे जनावर घ्यायचं असतं, त्यालाच जास्त नावं ठेवतात. आवडलं असं दिसलं की मालक भाव चढवतो. म्हणून त्यानं बायकोला बजावलं, की परवा घर बघायला जाऊ तेव्हा हसायचं नाही.

"मागं त्या कपिलेच्या पाठीवरून हात फिरवलास, तो हात केवढ्याला पडला, आठवतं ना?"

"बरं. मुकी होऊन येते."

"मुकी नको. नावं ठेव."

"तुमच्याबरोबर राहून तेवढं शिकलेय मी," ती म्हणाली.

ठरल्या दिवशी दोघं गेली. दलालानं भिंती ठोकून पाहिल्या, आढ्याला वाळवी आहे का विचारलं. बायकोनं तर कमालच केली. चूल अंधारात आहे म्हणाली, दार ठेंगणं आहे म्हणाली. अंगणातल्या बकुळीकडे बघून तिनं नाक मुरडलं. "हा फुलांचा कचरा रोज कोण झाडणार?"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं आपणहून भाव बराच खाली आणला आणि घर देऊन टाकलं.

एवढा स्वस्त सौदा दलालानं आयुष्यात केला नव्हता. सामान हलवण्याआधी बायकोचं काम कमी करावं म्हणून त्यानं बकूळ तोडून घेतली. लाकूड सुताराला विकलं, त्याचेही पैसे आले.

बायको डोक्यावर बोचकं घेऊन आली आणि अंगणाच्या तोंडाशी थांबली. तोडलेल्या बुंध्याकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"तुझं झाडायचं काम वाचवलं," दलाल म्हणाला.

"हो की," ती म्हणाली, आणि आत गेली.

पुढे ती ते मोकळं अंगण रोज सकाळी झाडायची. हिला स्वच्छतेची आवड आहे, असं दलालाला वाटायचं.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात ती तापानं गेली.

कळल्यावर म्हातारी लेकीच्या गावाहून भेटायला आली. ओसरीवर बसून तिनं पाणी घेतलं. बुंध्याकडे तिची नजर गेली, तेव्हा दलालानं आपणच सांगितलं, की बायकोला कचरा नको होता म्हणून झाड काढलं.

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही दोघं घर बघायला आलात ना, त्याच्या आदल्या दुपारी ती एकटीच येऊन गेली होती. ऊन उतरेपर्यंत त्या बकुळीखाली बसली. जाताना ओच्यात फुलं घेतली अन् मला म्हणाली, उद्या मी नावं ठेवीन, मनावर घेऊ नका. आमच्या ह्यांना तसंच लागतं."

"मग तुम्ही भाव उतरवलात तो?"

"ती बसली होती ना तिथं. तिलाच मिळावं असं वाटलं."

संध्याकाळ व्हायच्या आत म्हातारी आपल्या वाटेला लागली. दलाल उठला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि अंगण झाडलं. झाडण्यासारखं तिथं काही नव्हतं.

तात्पर्य एवढंच, की भाव पाडण्यासाठी आवड लपवली असेल, तर सौदा झाल्यावर घरी येऊन ती एकमेकांना सांगावी. वाचलेले पैसे दलालापाशी होते. तुला त्या घरातलं काय आवडलं, हे बायकोला विचारायचं राहून गेलं.