डोहाकाठी लाडाची हाक नको

अहो ताई, गप्प! या डोहाकाठी पोराला ‘सोनुल्या’ म्हणून हाक मारायची नाही. शाळेच्या दाखल्यावरचं नाव घ्या, आडनावासकट घ्या. आणि त्याचा हात सोडू नका. चला, वर चिंचेखाली बसू, मग सांगतो. हसू नका हो साहेब, मी गंमत करत नाही.

हा कातळकोंडीचा डोह. याचा तळ अजून कुणाला लागलेला नाही, असं सांगतात. फार वर्षांपूर्वी इथं सगुणा नावाची विधवा बाई राहायची. तिला एकच लेक, भागीरथी. लाडाचं नाव मैनी. धुणं धुताना सगुणेचं सारखं चालायचं, ‘मैने, माझे बाय, इकडं ये गं.’ पाण्यानं ते नाव ऐकून ठेवलं म्हणे.

एकदा सगुणा घरात भाकऱ्या थापत होती आणि अंगणात खेळणारी पोर उठून डोहाकडे चालू लागली. शेजारणीनं तिला कमरेएवढ्या पाण्यातून ओढून काढली. “कुठं निघाली होतीस गं?” तर म्हणाली, “आई बोलावते ना, मैनी म्हणून.” आई तर चुलीपुढे होती! सगुणेच्या पायाखालची जमीनच सरकली. तिनं ग्रामदेवीपुढे शपथ घेतली, की हे नाव पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही. लेकीला बजावलं, “मैनी म्हणून कुणीही बोलावलं तरी जायचं नाही. ती मी नव्हे.”

शपथ पाळली हो बाईनं, जरा जास्तच पाळली. डोहाकाठी नाही आणि घरातही नाही. पोर तापानं फणफणली तरी ‘भागीरथी, काढा घे’. गावातच लग्न लावून दिलं. पाठवणीला पोरगी गळ्यात पडून म्हणाली, “एकदा म्हण ना गं.” सगुणेनं ओठ आवळून धरले. तिला तरी काय बोल लावायचा? भीतीच तशी होती. डोह हाका मारत राहिला आणि भागीरथी कानावर हात ठेवून जगत राहिली.

पुढे सगुणा वारली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, भागीरथी पाण्याला आली. चाळिशीची बाई, पदरात तीन मुलं. घागर बुडवता बुडवता थबकली आणि तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. बायकांनी ओळखलं. ओरडल्या, “अगं, ती तुझी आई नव्हे!”

“ठाऊक आहे मला,” भागीरथी म्हणाली. “पण नाव तर घेतलं ना.” घागर काठावर ठेवली आणि ती चालत आत गेली. पुन्हा वर आली नाही.

आजही इथं लाडाची हाक मारत नाहीत, हे तुम्हाला कुणीही सांगेल. पण अर्धीच रीत सांगतात. घरातून पाण्याकडे निघालेल्याला उंबऱ्यात थांबवायचं आणि त्याचं लाडाचं नाव त्याचं मन भरेपर्यंत घ्यायचं. नातवंडं असलेला म्हातारासुद्धा कुणी ‘बबड्या’ म्हटल्याशिवाय बाहेर पडत नाही. जो त्या नावाला भुकेला, त्यालाच डोह नेतो म्हणे.

माझी आई जाऊन सोळा वर्षं झाली. थोरली आक्का होती, ती गेल्या शिमग्यात गेली. आता माझं ते नाव घेणारं घरात कुणी नाही. तेव्हापासून मी इथं एकटा येत नाही, पाहुणे असले तरच येतो. ते नाव कोणतं, विचारू नका. मघापासून खालून हाका चालूच आहेत, आणि आवाज अगदी आक्काचा आहे हो.